तुम्ही विचारलंत म्हणून: वरण वाढू की नको?

मला गाउट आहे, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधा धरतो, हे आमच्या कोल्हापुरात आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की माझ्याआधी शेजारचाच हात आडवा करतो. "अहो, त्यांना डाळ चालत नाही!" आणि पाठोपाठ, "तुम्ही डाळ बंदच केलीत ना? आमच्या ह्यांचा रिपोर्ट साडेसात आलाय, म्हणून विचारते."

नाही, बंद केलेली नाही. वरण, आमटी, मटकीची उसळ, पालकाची पातळ भाजी, सगळं खातो. डाळीत प्युरीन असतं आणि प्युरीन मोडूनच युरिक ॲसिड होतं, हे खरंच आहे. पण अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्यावर १२ वर्षं नजर ठेवून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला. प्युरीनवाल्या भाज्या आणि कडधान्यं खाणाऱ्यांत तसं काही दिसलं नाही, आणि कमी सायीचं दूध-दही घेणाऱ्यांत तर प्रमाण उलट कमीच निघालं. तरी आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पडते ती बिचाऱ्या तूरडाळीवर.

खरी गोम रश्श्यात आहे. "मी मटण सोडलं हो, नुसता पांढरा रस्सा घेतो," असं सांगणारे मला दर आठवड्याला भेटतात. प्युरीन पाण्यात उतरतं. मटण शिजवल्यावर जी अळणी निघते, लहान पोरांना कौतुकानं वाटीत देतो ती, तिच्यात फोडींमधलं बरंच प्युरीन आलेलं असतं आणि पांढरा रस्सा होतो तो त्या अळणीचाच. फोडी ताटाच्या कडेला ठेवून वाटीवर वाटी रस्सा ओरपणाऱ्यानं नेमकं काय सोडलं, ते त्यालाच ठाऊक. पाय्याच्या सुपाचंही तेच. सांधा दुखतोय म्हटलं की ते प्यायचा सल्ला हमखास मिळतो! कलेजी, भेजा, सुकट, तारली यांना मी हात लावत नाही. मटण अधूनमधून खातो, दोन-चार फोडी, आणि रस्सा चवीपुरता. कोल्हापुरात राहून याहून जास्त वैराग्य मला जमायचं नाही.

गोडाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं आणि यकृतात त्याची विल्हेवाट लागताना युरिक ॲसिड तयार होतं. डाळ सोडून दुपारी बाटलीतलं थंड पेय पिणाऱ्यानं काय कमावलं? आमच्या जिल्ह्याचा गुळावर फार जीव, पण या बाबतीत गूळ साखरेचा सख्खा भाऊच. उसाचा रसही त्याच घरातला. दारूत बिअर सगळ्यात वाईट. तिच्यात अल्कोहोलही आणि प्युरीनही.

उपवासाचंही सांगतो, कारण श्रावण आला की फोन येतात. कडकडीत उपाशी राहिलं की शरीरात कीटोन वाढतात, मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायला कमी पडतात आणि ते रक्तात चढतं. त्यात निर्जळी केली तर विचारूच नका. वजन उतरवणं चांगलंच, पण हळूहळू. झपाट्यानं उतरवायला गेलेल्यांचा पायाचा अंगठा त्याच काळात सुजलेला मी पाहिलाय.

हे सगळं पाळून आकडा किती उतरतो? बहुतेकांचा फार तर एकानं. कारण युरिक ॲसिडचा साधारण दोन तृतीयांश भाग शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येतो तो उरलेला. वारंवार सांधा धरणाऱ्यांसाठी डॉक्टर आकडा ६ च्या खाली ठेवायला सांगतात, आणि तिथवर नुसत्या पथ्यानं पोचणारे थोडेच. मी ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, घेतो. "आयुष्यभराची गोळी लागली" म्हणून लोक हळहळतात. अंगठ्याच्या मुळाशी रात्री दोनला जे होतं, नुसती चादर घासली तरी ओरडायला होतं, ते एकदा भोगलेला माणूस हळहळत नाही. फक्त, गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तेही त्यांच्या कानावर घाला, तीही युरिक ॲसिड वाढवू शकते. आपल्या मनानं मात्र बंद करू नका.

राहिला तुमच्या ह्यांचा साडेसात. काही दुखत नसेल तर नुसत्या आकड्यासाठी डॉक्टर सहसा गोळी देत नाहीत. उलट ऐन दुखण्यात केलेला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, मग दुखणं ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावा लागतो. आणि टाच दुखते म्हणून तपासणी केली असेल, सकाळी उठल्यावर पहिल्या पावलालाच कळ येत असेल, तर ते बहुतेक वेळा तळव्याच्या पडद्याचं दुखणं असतं. त्याला मऊ चपला आणि पोटरीचे व्यायाम लागतात. वरणाचा त्यात काही संबंध नाही.