मीटर बंद, गाडी सुरू

जुन्या मोटारींच्या लिलावात ‘कमी चाललेली’ या दोन शब्दांना फार मोल असते, म्हणूनच ते छापण्यापूर्वी कोणीतरी गाडीखाली आडवे होऊन खात्री करून घ्यावी लागते. ते काम माझे आहे. लिलाव करणाऱ्या संस्थेसाठी मी गाडी तपासतो आणि तिचा स्थिती-अहवाल लिहितो. लिलावाच्या छापील सूचीतला मजकूर त्या अहवालावरून ठरतो.

पुण्यात डेक्कन जिमखान्याजवळचा एक जुना बंगला पुनर्विकासाला गेला होता आणि त्याचे गॅरेज रिकामे करून द्यायचे होते. आत १९७० सालची फियाट ११०० डिलाइट उभी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची आणि स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ही गाडी अजून तिच्या पहिल्या मालकाच्याच नावावर होती. मालक प्राध्यापक होते आणि कॉलेजला पायी जात. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा गाडी केवळ बाहेरगावी जाण्यापुरती उरली. १९७८ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली, ती मी पाहीपर्यंत तशीच होती. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे अशा त्या काळात तिला गिऱ्हाईक मिळाले नसते असे नाही. “विकायचा विषय निघाला की हे तोंड फिरवून घ्यायचे, मग मीही काढला नाही,” असे त्यांच्या पत्नीने, काकूंनी सांगितले. मीटरवर आकडा होता ११,४३६.

काकूंचा पुतण्या अमेरिकेहून याच कामासाठी आला होता. गाडी धुऊन, पॉलिश करून, नवी बॅटरी लावून ‘एकदा सुरू करून पाहू’ असा त्याचा बेत होता आणि बॅटरी त्याने आणूनही ठेवली होती. मी पहिल्यांदा ती बॅटरी दाराबाहेर नेऊन ठेवली. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा थर उरत नाही, पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी धरलेल्या असतात, आणि अशा वेळी स्टार्टर मारला तर जे काही शाबूत आहे तेही ओरखडते. टाकीचे झाकण काढले तेव्हा वार्निशसारखा वास आला, म्हणजे पेट्रोल केव्हाच उडून मागे चिकट राळ राहिली होती. धुण्याबद्दल मी त्याला पॅरिसचे उदाहरण दिले. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर्टक्युरियल या संस्थेने बायों संग्रहातल्या मोटारी लिलावात काढल्या. शेतघराच्या आवारात अर्धशतक पडून राहिलेल्या त्या मोटारी धुळीसकट प्रदर्शनात मांडल्या होत्या, आणि त्यातली मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. आपली फियाट काही फेरारी नव्हे, पण धूळ न पुसण्यामागचा हिशेब तोच आहे. खरेदी करणाऱ्याला कोणी हात लावलेला नाही हे दिसायला हवे.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, ते मुरू दिले, आणि मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने जोर देत गेलो. इंजिन अर्धा फेरा फिरले, अडले, आणि पुन्हा फिरले. एवढे मला पुरेसे होते. क्लचची प्लेट मात्र फ्लायव्हीलला चिकटली होती, आणि ब्रेकच्या तेलाने हवेतले पाणी शोषून घेतल्यामुळे व्हील सिलिंडर गंजले होते.

आता प्रश्न आकड्याचा होता. त्या मीटरला किलोमीटरची घरे पाचच असतात, त्यामुळे ११,४३६ हा आकडा १,११,४३६ सुद्धा असू शकतो. गाडीचे रनिंग मीटरवर नव्हे तर पायाखाली वाचावे, असे मी शिकाऊ मुलांना सांगतो. पेडलच्या रबरावरच्या रेघा ठसठशीत होत्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ते उघडले तेव्हा शूवरचे लायनर थोडेच झिजलेले दिसले. स्टेपनीच्या टायरवर साच्यातून निघताना राहणारे रबराचे बारीक केस तसेच होते. लाखाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

तरी मी केबल, म्हणजे गाडी चालताना मीटर फिरवणारी तार, तपासतोच. मागचे ड्रम काढलेलेच होते, म्हणून मदतनिसाला एका चाकाचा हब घट्ट धरायला लावून मी दुसऱ्याचा फिरवला. मागची चाके फिरवणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, फिरला, परंतु मीटरमागून सोडवलेले केबलचे टोक ढिम्म राहिले. ओढल्यावर आतली तार अर्धीच बाहेर आली. तुटलेल्या टोकावर जुना, काळपट गंज होता, म्हणजे विक्रीच्या निमित्ताने कोणी केलेली ही लबाडी नव्हती. पण मग मीटर बंद पडल्यानंतर गाडी किती चालली, हे कोण सांगणार?

ते प्राध्यापकांनीच सांगितले. कागदपत्रे मागितल्यावर काकूंनी आरसी बुकाबरोबर एक वही आणून दिली. तारीख, लिटर, रुपये आणि मीटरवरचा आकडा असे चार रकाने पहिल्या दिवसापासून भरलेले होते. डिसेंबर १९७६ मध्ये ११,४३६ हा आकडा येतो, पुढच्या नोंदीत पुन्हा तोच येतो, आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘मीटर बंद. केबल सांगणे’ असे लिहिलेले आहे. केबलचे काम झालेच नाही. पेट्रोल मात्र भरले जात राहिले, आणि गाडी ठोकळ्यांवर चढेपर्यंतच्या त्या नोंदींची बेरीज २१२ लिटर भरली. आधीच्या नोंदींवरून गाडीचा सरासरी लिटरला १२ किलोमीटरचा हिशेब निघत होता, त्यामुळे मीटरवर न चढलेले अंतर सुमारे अडीच हजार, आणि खरे रनिंग चौदा हजारांच्या आसपास.

पुतण्याला हे पटले नाही, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. अकरा काय आणि चौदा काय, दोन्ही आकडे नगण्यच आहेत, केबल बदलून टाका, मीटर जे दाखवतो ते छापा, असे तो म्हणत होता. नेब्रास्कातल्या पिअर्स गावी २०१३ मध्ये लँब्रेक्ट या शेव्हरोले विक्रेत्याच्या न विकलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा केवळ १.३ मैल चाललेला १९५८ चा कॅमिओ पिकअप १ लाख ४० हजार डॉलरांना गेला, हेही त्याला ठाऊक होते. पण त्या गाड्या गिऱ्हाइकाच्या हाती गेल्याच नव्हत्या. इथे जो कोणी विकत घेईल तो डॅशबोर्डमागे हात घालणार, हात न लावलेल्या म्हणवणाऱ्या गाडीत त्याला नवीकोरी केबल सापडणार, आणि त्यानंतर तो पेडलवरही विश्वास ठेवणार नाही. शेवटी काकू म्हणाल्या, “ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय ना, मग लपवायचं कशाला?”

सूचीत दोन्ही आकडे छापले गेले आणि वहीच्या त्या पानाचे छायाचित्रही. बोली मुंबईत लागली. सुरुवातीला ती रेंगाळली, मग दोघांत चुरस झाली आणि गाडी राखीव किमतीच्या बरीच वर गेली. घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी मूळ वही गाडीबरोबर मिळेल का एवढेच विचारले. काकूंनी ती दिली, पण आधी तिची झेरॉक्स काढून घेतली.

नोंदणीचा प्रश्न त्यानंतरचा होता. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. आधी नोंदलेल्या गाडीला जुनाच क्रमांक ठेवता येतो, आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते, मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. नव्या मालकाने टाकी साफ करून घेतली, ब्रेकचे सगळे रबर बदलले आणि केबलही नवी टाकली. मीटरचा आकडा पुढे ढकलावा का, असे त्याने मला फोनवर विचारले. मी नको म्हटले. केबल बदलल्याची तारीख आणि ११,४३६ हा आकडा त्याने आता वहीच्या पुढच्या ओळीत लिहिला आहे.