परत का आणलं नाहीस, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, पतसंस्थेच्या काउंटरवर, आणि परवा तर दहाव्याहून परतताना गाडीत. मला एकच प्रश्न विचारला जातो. लेकीचा पाय सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये मोडला, फोनवर ढसाढसा रडली, तरी तिला घरी का आणलं नाहीस? कोणी काळजीने विचारतं, कोणी टोमणा म्हणून. आमच्या वन्सं काळजीनेच विचारतात, पण दर वेळी चारचौघांत. इतके दिवस "तिचीच जिद्द हो" म्हणून मी वेळ मारून नेली. आता लिहून टाकते.

ती सैन्याकडे कशी वळली, एसएसबीला, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला, किती खेटे घातले, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. अकादमीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

आधी ते "पाय मोडला" दुरुस्त करा. ती पडली नाही, कोणी पाडलं नाही. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. रोजचं पळणं, ड्रिलमध्ये टाचा आपटणं, पाठीवरचं वजन, आणि हाडाला भरून यायला सवड नाही, की त्याला बारीक चीर पडते. सुरुवातीला ती एक्स-रेत दिसतही नाही, एमआरआयमध्ये दिसते. देशोदेशीच्या सैन्यांत नव्याने भरती झालेल्या मुलींना हे मुलांपेक्षा जास्त होतं, असं तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणजे माझी मुलगी नाजूक होती म्हणून झालं, हे तुमच्यापैकी ज्यांनी म्हटलं त्यांनी मागे घ्यावं.

आता तो फोन.

मंगळवार होता, आणि मंगळवारी तिचा फोन येत नसतो. दिवाळीच्या आधीचा आठवडा, ठेवी काढायला काउंटरवर रांग. अनोळखी नंबर दिसला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. रांग तशीच सोडून मी मागच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. तिथे जुन्या कीर्द-खतावण्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आहेत, एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा. दार लोटून घेतलं.

"आई, बोलू शकतेस?"

"बोल."

"मी एमएचमध्ये आहे." एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, हे मला तोवर पाठ झालं होतं. ती वरिष्ठांना रिपोर्ट द्यावा तशी एका सुरात सांगत गेली. उजवी नडगी, स्ट्रेस फ्रॅक्चर, काही आठवडे सक्त विश्रांती. टर्म गेली. रेलिगेट. म्हणजे बरोबरच्या मुली पुढे जाणार आणि हिने मागच्या कोर्सबरोबर तीच टर्म पुन्हा करायची.

"कधीपासून दुखत होतं?"

"झाले तीन आठवडे. सांगितलं नाही. एमआय रूमला, म्हणजे इथल्या दवाखान्यात, गेलं की पीटीतून सूट मिळते, आणि सूट घेणारीकडे सगळे कसे बघतात ते तुला नाही कळायचं."

मग तिचा तो सूर तुटला. लहानपणी ताप चढला की जशी रडायची तशी रडली, हुंदका आत ओढून. मी एका खतावणीच्या लाल कापडाचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होते. बोट पांढरं पडेपर्यंत गुंडाळला.

"आई, मी घरी येऊ?"

तेवढ्यात शिपायाने दार ठोठावलं. "मॅडम, कॅशची चावी."

मी म्हटलं, "तू सांग, आज रात्रीची गाडी पकडते. तिथे येऊन खोली घेऊन राहते. पण घरी ये, असं मी म्हणणार नाही."

"का?"

"तुला यायचं असेल तर 'येते' म्हण. मला विचारू नकोस."

ती गप्प झाली. इतका वेळ, की फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, "बरं. ठेवते. फोन दुसरीचा आहे."

मी बाहेर येऊन चावी दिली. रांग संपेपर्यंत पैसे मोजले, आणि संध्याकाळी कॅश जुळलीही. याचा उल्लेख एवढ्यासाठी की, त्या दिवशी मला हुंदका आला नाही म्हणून मी दगड आहे असं बोललं गेलं. हुंदका रात्री आला, मोरीत, नळ सोडून. तो कोणी ऐकावा अशी माझी इच्छा नव्हती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ह्यांना सांगितल्यावर ह्यांनी पहिल्यांदा बॅग काढली. "उद्या जाऊन आणतो पोरीला." त्या रात्री आम्ही जेवढं भांडलो तेवढं लग्नानंतर कधी भांडलो नव्हतो. मी बॅग परत माळ्यावर टाकली. पण प्रश्न आजवर मलाच विचारला गेला. ह्यांना एकानेही विचारलेला नाही.

आता वन्संनी दोनदा सुचवलेलं. बाँड. प्रवेशाच्या वेळी पालक बाँडवर सही करतात. मुलगी स्वतःच्या मर्जीने सोडून आली तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागतो. पैशासाठी ठेवलीस का, हा त्यांचा प्रश्न. नाही. पण त्या रात्री बाँड मनात आलाच नाही, असं म्हटलं तर खोटं ठरेल. कागद काढून वाचला होता. रक्कम मोठी होती, ठेव मोडून भरता आली असती. मग कागद परत कपाटात ठेवला.

उलट बाजूही वाचली. ज्यांना दुखापतीमुळे अकादमीच घरी पाठवते, ती मुलं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळायच्या आधीच बाहेर पडलेली असतात, म्हणून त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. महिन्याची ठरावीक मदत तेवढी तेव्हा मिळत होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मी बातमीतली ओळन् ओळ वाचली. हे सगळं कळल्यावर "राहा" म्हणण्याची हिंमत कमीच झाली माझी. आणि "राहा" असं मी म्हटलेलंच नाही, हेही कृपा करून लक्षात घ्या.

पैशापेक्षा मला फ्लेक्स टोचतो. निवड झाली तेव्हा चौकात तिचा फोटो लागला, खाली आम्हा दोघांची नावं. मंडळाने शाल-श्रीफळ दिलं, माझ्याकडून चार शब्द बोलवून घेतले. मी म्हटलं होतं, "एक लेक देशाला दिली." टाळ्या पडल्या. त्या चौकातून तिला लंगडत घरी आणायची मला लाज वाटली असती का? याचं उत्तर मी खूप शोधलं. ज्या दिवशी "नाही" असं ठामपणे वाटतं, त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा शंका येते.

आणि एक बाई आहे, तिच्याशी माझं रोज भांडण होतं. ती म्हणजे तीन वर्षांपूर्वीची मी. भोपाळच्या एसएसबीतून लेक पहिल्यांदा परत आली तेव्हा तोंडाने "पुढच्या वेळी होईल गं" म्हणत या बाईने देवापुढे साखर ठेवली होती, सुटले म्हणून. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव घालणाऱ्या पेंटरने "साहेब कुठल्या गावाला?" विचारलं, तेव्हा "साहेब माझी मुलगी आहे" असं सांगताना तिचा ऊर भरून आला, आणि घरी येऊन त्याच ट्रंकेला टेकून ती रडली. ती बाई मला म्हणते, तू पोरीला तोडलंस. मी तिला म्हणते, तू तिला आयुष्यभर "येऊ का" विचारत ठेवलं असतंस. ती म्हणते, मग त्यात काय वाईट होतं? इथे मी गप्प होते.

मुलगा असता तर विचारलं असतंत का, हे मी चिडून अनेकांना ऐकवलंय. आमच्याच सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, जिथे पहिल्या महायुद्धापासून घरटी माणूस सैन्यात जातो. तिथल्या आयांना कोणी विचारत नाही, मग मलाच का? पण नंतर वाटलं, त्यांना न विचारणं हा काही त्यांचा मान नव्हता. त्यांच्याही पोटात असेच खड्डे पडले असतील, फक्त ऐकायला कोणी थांबलं नाही.

30 मे 2025 ला खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणी. फोनवर मला अभिनंदनाचे निरोप आले, जणू माझीच त्यांत होती. 2022 साली त्या दाखल झाल्या तेव्हा मुलींसाठी 19 जागा होत्या. सगळे 17 चा आकडा सांगत होते आणि मी त्या दोनाच्या फरकापाशी अडकले होते.

लेक राहिली. टर्म पुन्हा केली, आता पळते. सुट्टीत आली तेव्हा भाकरी थापता थापता मी विचारलं, "तेव्हा मी ये म्हटलं असतं, तर आली असतीस?"

"लगेच," ती म्हणाली. आणि ताटात पिठलं वाढून घेतलं.

"न म्हणालीस ते बरं झालं" हे पुढचं वाक्य येईल म्हणून मी पुढची भाकरी तव्यावर टाकून थांबले. ते आलं नाही. तिने ठेचा मागितला. मीही पुन्हा विचारलं नाही, आणि विचारायचं धाडस अजून होत नाही.

मागच्या महिन्यात कोरेगावच्या एका ताईंनी माझा नंबर मिळवून फोन केला. त्यांची मुलगी जानेवारीत रुजू होतेय. बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनीही विचारलंच, पुन्हा तसा फोन आला तर तुम्ही तेच म्हणाल का? मी म्हटलं, माहीत नाही हो. पण जायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, पळण्याचं अंतर आतापासून हळूहळू वाढवायला सांगा, आणि दुखलं तर पहिल्याच दिवशी एमआय रूम गाठ, कोणी कसंही बघू दे, हे तिच्याकडून कबूल करून घ्या.