बाबांची बदली आणि पोराचं रजिस्ट्रेशन

परदेशी बदलीचं पत्र आलं की घरात याद्या सुरू होतात. व्हिसा, शाळा, तिकडचं घरभाडं, आजीच्या औषधांची सोय. फुटबॉल खेळणारं मूल घरात असेल तर त्या यादीत एक ओळ हमखास राहून जाते: इथल्या क्लबकडे त्याचं रजिस्ट्रेशन आहे का, आणि असेल तर ते तिकडे कसं न्यायचं? मग म्युनिक, लंडन किंवा डॅलसला पोचल्यावर कोच पोराचा खेळ बघून खूश होतो, दोन आठवडे सराव होतो आणि शनिवारच्या मॅचला मात्र त्याला टचलाइनबाहेर बसावं लागतं. कोचचा काही दोष नसतो. कागद आलेला नसतो.

हा कागद म्हणजे आयटीसी, इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट. एका देशाच्या फुटबॉल संघटनेकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जातो तेव्हा जुन्या संघटनेने नव्या संघटनेला द्यायचा तो दाखला. खेळाडू दहा वर्षांच्या आतला असेल तर तो लागत नाही. दहा पूर्ण झाली की लागतो, मग मूल जिल्ह्याकडून खेळलेलं असो की कॉलनीतल्या क्लबच्या राखीव बाकावर बसलेलं असो.

म्हणून आधी एवढं शोधा: आपलं मूल खरंच नोंदलेलं आहे का? अनेक पालकांना हे ठाऊक नसतं, कारण नोंदणी क्लब करतो; आपण फक्त फॉर्म, फोटो आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स दिलेली असते. संध्याकाळी मैदानावर चालणाऱ्या कोचिंग क्लासला जाणं म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. शाळेकडून डीएसओच्या (जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या) आंतरशालेय स्पर्धा खेळणं हेही नव्हे, त्या क्रीडा खात्याच्या असतात. पण क्लबकडून जिल्हा संघटनेच्या किंवा विफाच्या, म्हणजे राज्य फुटबॉल संघटनेच्या, वयोगट लीगमध्ये नाव गेलं असेल, तर एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणीत मूल असणार आणि त्याला एक आयडी नंबर मिळालेला असणार. निघण्याआधी क्लबच्या सेक्रेटरीकडून तो नंबर मागून घ्या, आणि नोंदीच्या पानाचा स्क्रीनशॉटही. त्यातलं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

नावाचं हे प्रकरण आपल्याकडे जरा जास्तच अडतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मुलाच्या नावाला चिकटलेलं, कधी गायब. ‘सई’ हे नाव इंग्रजीत एस-ए-आय असंही लिहितात आणि एस-ए-वाय-ई-ई असंही. क्लबच्या सेक्रेटरीने घाईत एक स्पेलिंग टाकलं, तिकडच्या क्लबने पासपोर्टवरचं दुसरं टाकलं, की इकडून उत्तर जातं: या नावाचा खेळाडू आमच्याकडे नाही. मग दोन संघटनांमध्ये मेल फिरत राहतात आणि हंगाम पुढे सरकतो. चूक इथे असतानाच दुरुस्त करून घ्या. तिकडून फोनवर ती करून घेणं फार जिकिरीचं होतं.

आता मूळ नियम. फिफाच्या खेळाडू-बदलीच्या नियमावलीतलं १९वं कलम सांगतं की १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करताच येत नाही. बंदी हा नियम, परवानगी हा अपवाद. हे इतकं कडक असण्याचं कारण रास्त आहे. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून लहान मुलांना युरोपात आणायचं, चाचणीत नापास झालं की तिथेच वाऱ्यावर सोडायचं, असे प्रकार सर्रास चालत. २००१पासून हे कलम लागू आहे. बार्सिलोनाने अशी मुलं नोंदवली म्हणून २०१४ मध्ये फिफाने त्यांच्यावर दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या दोन ठरलेल्या मुदतींची, बंदी घातली. रेआल माद्रिद आणि आतलेतिको माद्रिदवर २०१६ मध्ये, चेल्सीवर २०१९ मध्ये तशीच कारवाई झाली. एवढे मोठे क्लब सुटले नाहीत, म्हणून गल्लीतला क्लबसुद्धा तुमच्या बारा वर्षांच्या मुलाबाबत दहा कागद मागतो. त्याचा राग मानू नका.

आपल्यासारख्या घरांना लागू पडणारा अपवाद पहिलाच आहे: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने नव्या देशात राहायला गेले असतील, तर मुलाची नोंदणी होऊ शकते. बाकीचे अपवाद आपल्याला फारसे उपयोगाचे नाहीत. युरोपीय संघाच्या आतल्या १६ ते १८ वयाच्या बदल्या, सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत राहणारे खेळाडू, निर्वासित मुलं, विद्यार्थी देवाणघेवाणीवर काही काळ आलेली मुलं, असे ते आहेत.

आपल्या त्या पहिल्या अपवादातला प्रत्येक शब्द तपासला जातो. ‘आईवडील’ म्हणजे आईवडीलच. ‘पोराला लंडनला मामाकडे ठेवू, तिकडच्या अकॅडमीत खेळेल’ हा बेत इथेच कोसळतो. मामा कितीही जवळचा असला तरी तो या नियमात बसत नाही. आईवडिलांपैकी एकच जण जाणार असेल तर दुसरं का येत नाही, त्याची संमती आहे का, घटस्फोट झाला असेल तर ताबा कोणाकडे, हे सगळं कागदावर द्यावं लागतं. आणि ‘फुटबॉलशी संबंध नसलेलं कारण’ हे तारखांवरून जोखतात. वडिलांचं नेमणूकपत्र मार्चचं, घरभाड्याचा करार मेचा आणि क्लबचा फॉर्म ऑगस्टचा असेल, तर गोष्ट सरळ दिसते. क्लबने मुलाला आधी निवडलं आणि वडिलांनी नोकरी नंतर शोधली, असा क्रम दिसला तर नकार येतो, आणि माझ्या मते तो योग्यच असतो.

अर्ज आपण थेट फिफाकडे करत नाही. नवा क्लब त्याच्या देशाच्या संघटनेला सांगतो, संघटना फिफाच्या टीएमएस या प्रणालीत तो भरते. आपलं काम फाइल नीट लावून देणं. मुलाचा आणि दोन्ही पालकांचा पासपोर्ट, मुलाचा जन्मदाखला, नोकरी करणाऱ्या पालकाचा करार, वर्क परमिट किंवा रहिवास परवाना, घराच्या पत्त्याचा पुरावा आणि आपण का स्थलांतर केलं हे सांगणारं पालकांचं सहीचं पत्र. हे पत्र एक पानाचं, साध्या भाषेत असावं: कंपनी, पद, रुजू झाल्याची तारीख, कुटुंब आल्याची तारीख. मुलाच्या खेळाचं कौतुक त्यात अजिबात नको. ‘त्याला फुटबॉलमध्ये चांगली संधी मिळावी म्हणूनही’ असं एक प्रेमाने लिहिलेलं वाक्य सगळी फाइल गोत्यात आणू शकतं.

जन्मदाखल्याचं मात्र आत्ताच बघा, कपाटातून काढून हातात धरून. आपल्याकडे हॉस्पिटलने पालिकेला कळवलं तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. आईवडिलांची नावं आणि तारीख बरोबर असते, पण तो दाखला तुमच्याच मुलाचा आहे हे परक्या देशातल्या कारकुनाने कशावरून मानायचं? पालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात नाव चढवून नवी प्रत घ्या. जुना हस्तलिखित दाखला फक्त मराठीत असेल तर द्विभाषिक प्रत मागा, नाहीतर अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडा.

क्लब कोणता निवडायचा यावरही वेळेचं गणित अवलंबून असतं, आणि हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. अनेक देशांच्या संघटनांना फिफाने मर्यादित सूट दिलेली असते: निव्वळ हौशी क्लबमध्ये नोंदल्या जाणाऱ्या मुलांची प्रकरणं त्या स्वतःच तपासून निकालात काढतात, दरवेळी फिफाकडे पाठवावी लागत नाहीत. व्यावसायिक क्लबच्या अकॅडमीला ही सूट नाही; तिथे पूर्ण फाइल फिफाकडे जाते. म्हणून पहिल्या वर्षी घराजवळचा साधा हौशी क्लब घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. मूल लवकर मैदानात उतरतं, त्याला मित्र मिळतात. परक्या शाळेत रुळायला त्याला याच गोष्टीची सगळ्यात जास्त गरज असते.

भारतात कधीच क्लबकडे नोंद नसलेल्या मुलालाही सूट आहे असं समजू नका. दहा वर्षांपुढचं मूल त्या देशाचं नागरिक नसेल, तर त्याची पहिली नोंदणीही याच कलमात येते. नोंदणीआधी सलग पाच वर्षं त्या देशात राहिलेल्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतले क्लब एकही अधिकृत मॅच न खेळलेल्या मुलाचा पासपोर्ट मागतात तो यासाठीच. आणि फॉर्मवर ‘याआधी दुसऱ्या देशात नोंदणी होती का?’ असा प्रश्न असेल तर खरं उत्तर लिहा. कटकट वाचेल म्हणून ‘नाही’वर खूण करणारे पालक असतात. दोन वर्षांनी एकाच मुलाच्या दोन नोंदी समोर आल्या की त्याचं खेळणं थांबतं, टीमचे गुण जातात, आणि ते सगळ्या मुलांसमोर होतं.

जुना क्लब अडवू शकतो का? आयटीसी विनाशुल्क, विनाअट आणि विनामुदत द्यायचा असतो, असं फिफाच्या नवव्या कलमात स्पष्ट आहे. ‘आधी बाकी फी भरा, मग सोडतो’ ही अट त्याला लावता येत नाही. राहिलेली फी ही क्लब आणि पालक यांच्यातली वेगळी बाब. ती द्यावी, पण आयटीसीशी तिचा संबंध नाही. क्लब कधीकधी हात आखडता घेतात त्यामागे दुसरी धास्ती असते: आपण घडवलेला पोरगा फुकट गेला. ती धास्ती अनाठायी आहे. खेळाडू १२ ते २३ वयात जिथे जिथे शिकला त्या क्लबांचा वाटा, पुढे तो करार असताना पैसे मोजून दुसऱ्या देशात विकला गेला तर, रकमेच्या ५ टक्क्यांतून दिला जातो. १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. एक कोटीच्या व्यवहारात तेराव्या वर्षीच्या एका हंगामाचे २५,००० रुपये होतात. हे पैसे खेळाडूच्या नोंदींवरून मोजतात, म्हणून नोंद स्वच्छ ठेवण्यात जुन्या क्लबचाही फायदा आहे. सेक्रेटरींना हे शांतपणे सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

कागद येईपर्यंत सराव करायला हरकत नसते. विमा त्या काळातही लागू आहे का एवढं क्लबला विचारून घ्या. अधिकृत मॅच मात्र एकही नाही, ‘पाच मिनिटं उतरव’ म्हणूनही नाही.

पुण्यातून मुंबईला किंवा कोल्हापुरातून गोव्याला जाण्यात आयटीसीचा प्रश्न येत नाही, पण एक गैरसमज सगळीकडे आहे: लेटरहेडवरची एनओसी मिळाली की झालं. एनओसी हा सभ्यतेचा कागद आहे. सीआरएसमध्ये नाव जुन्या क्लबखालून नव्या क्लबखाली सरकेपर्यंत मूल जुन्याच क्लबचं. एका वेळी एकाच क्लबची नोंद चालते. एका हंगामात फार तर तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते आणि अधिकृत सामने त्यांतल्या दोघांकडूनच खेळता येतात. फुटसालच्या (पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानावरच्या फुटबॉलच्या) क्लबची नोंद वेगळी असते, ती सोबत चालते. निवासी अकॅडमी स्टॅम्प पेपरवर सही मागत असेल तर मुदत आणि मधेच सोडल्यास भरायची रक्कम वाचल्याशिवाय पेन उचलू नका. सही तुमची असते, त्यामुळे रकमेचा तगादाही तुमच्याच मागे लागतो.

आणि परतीचं. तीन वर्षांनी बदली पुन्हा पुण्याला झाली, मूल भारतीयच आहे, तरी हीच वाट उलटी चालावी लागते. तिकडच्या संघटनेकडून आयटीसी, आणि मूल १८ च्या आत असेल तर पालक नोकरीसाठी परतल्याचे पुरावे. म्हणून तिकडून निघताना तिथल्या नोंदणीचा नंबर, क्लबचं नाव जसं लिहितात तसं, शेवटच्या हंगामाच्या तारखा आणि इकडच्या कंपनीचं बदलीपत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि तो फोल्डर सामानाच्या कंटेनरमध्ये न टाकता हातातल्या बॅगेत.