जुन्या फ्रिजचं आंबवणकपाट: माझा अनुभव

घरी आंबवताना सगळ्यात जास्त बिघडतं ते तापमानामुळे. कल्चर ताजं, भांडी स्वच्छ, प्रमाण बरोबर, आणि तरीही चव भलतीच, कारण दुपारी खोली तापते आणि पहाटे उतरते. एल या प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २० अंशांत निवांत काम करतं. तेच २६ अंशांवर गेलं की फळांसारखे उग्र वास येतात आणि घशाला जाळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. लॅगर या गारव्यात आंबणाऱ्या बिअरला १० ते १२ अंश हवेत, कोंबुचा या आंबवलेल्या चहाला २४ ते २७, टेम्पे या बुरशीने आंबवलेल्या सोयाबीनला ३० ते ३२. हे सगळं एका जुन्या फ्रिजमध्ये जमतं. फ्रिज म्हणजे मुळात घट्ट बंद होणारी, इन्सुलेशन भरलेली पेटी, आणि गार करायची सोय त्यात आधीच आहे. आपल्याला काम उरतं ते त्याला वेळेवर थांबवण्याचं. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही आतला बर्फाचा पत्रा बराच वेळ गारवा सोडत राहतो. पुढची बहुतेक खटपट याच एका गोष्टीभोवती फिरते.

फ्रिज निवडताना एका दाराचा, गोल फिरवायच्या बटणाचा, मागे काळी जाळी असलेला साधा फ्रिज घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा नको. असा फ्रिज बाहेरून वारंवार बंद-चालू केला की बोर्ड दर वेळी स्वतःची तपासणी करत बसतो आणि कॉम्प्रेसर कधी सुरू करायचा हे तोच ठरवतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज चालतो, पण त्यातला डीफ्रॉस्ट टायमर वीज असेल तेवढाच वेळ पुढे सरकतो. त्यामुळे नेमकी गारव्याची गरज असताना तो बर्फ वितळवणारा हीटर लावून बसू शकतो.

घेण्याआधी फ्रिज दोन तास रिकामा चालवून बघावा. मागची जाळी वरपासून खालपर्यंत कोमट लागली पाहिजे आणि आतल्या फ्रीझरच्या पत्र्यावर सगळीकडे सारखं दव धरलं पाहिजे. दव एकाच कोपऱ्यात धरत असेल तर गॅस कमी झालाय. असा फ्रिज सोडून द्या, कारण गॅस एकदा गळला तो पुन्हा गळतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर तिथलं रबर सैल आहे. घड्या पडलेलं रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून ओढलं की बऱ्याचदा पुन्हा बसतं. फाटलेलं मात्र बदलायलाच हवं. फ्रिज आडवा करून आणला असेल तर उभा करून २४ तास चालू करू नये. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांतून खाली उतरायला तेवढा वेळ लागतो.

भांडं आत मावेल का, हे डोळ्यांनी ठरवू नका, टेप लावा. भांड्याच्या उंचीत एअरलॉकही (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी पाण्याची नळी) धरायचा. फ्रीझरचं छोटं दार काढून टाका, म्हणजे हवा खेळते. तो पत्रा खाली वाकवून जागा करायचा मोह होतो, पण त्याच्या पोटात गॅसच्या नळ्या आहेत. वाकवताना चीर गेली की फ्रिज संपला. खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो. त्याच्या उंचीचे पाय लावून १८ मिलिमीटर प्लायची फळी सपाट बसवा. २० लिटरचं भरलेलं भांडं २२-२३ किलोंच्या घरात जातं आणि काचेची किंवा तारेची फळी तेवढ्या वजनासाठी केलेली नसते.

भोकं शक्यतो पाडूच नका. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या अनेक फ्रिजमध्ये बाजूच्या पत्र्यामागे लपवलेल्या असतात, आणि नव्या गॅसमध्ये आयसोब्युटेन असतं, ते पेट घेतं. सेन्सरची बारीक वायर बिजागरीच्या बाजूने दाराच्या रबराखालून जाते आणि रबर तिच्याभोवती बसतंही. जाड वायरींसाठी मागचं पाणी निघायचं भोक वापरता येतं. भोक पाडायचंच असेल तर आधी स्टार्च आणि स्पिरिटचं पातळ मिश्रण पत्र्यावर फासून फ्रिज चालू करा. गरम नळी जिथे असेल तिथलं मिश्रण आधी सुकून पांढरी रेघ उमटते. गरम नळ्या अशा दिसतात, गार नळ्या नाहीत. म्हणून फ्रीझरच्या आसपास तर ड्रिल न्यायचंच नाही.

आता कंट्रोलर. तापमान मोजून फ्रिज आणि हीटर आपोआप चालू-बंद करणारा एसटीसी-१००० हा छोटा कंट्रोलर या कामाला पुरतो. त्यात गार आणि गरम असे दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात. डब्यावर ७१ गुणिले २९ मिलिमीटरची खिडकी कापली की तो बसतो. १ आणि २ नंबरला त्याची स्वतःची वीज, ३ आणि ४ ला सेन्सर, ५ आणि ६ गरमसाठी, ७ आणि ८ गारसाठी. इथे हमखास एक चूक होते. ५-६ आणि ७-८ हे नुसते स्विच आहेत, त्यांतून आपोआप वीज येत नाही. फेजच्या वायरीचा एकेक फाटा काढून तो ५ ला आणि ७ ला न्यावा लागतो. ६ मधून निघालेली फेज हीटरच्या सॉकेटला आणि ८ मधली फ्रिजच्या सॉकेटला जाते. न्यूट्रल आणि अर्थ दोन्ही सॉकेटना थेट. वायर १.५ चौरस मिलिमीटरची वापरा, डब्यातल्या जोडांवर ताण येऊ नये म्हणून वायर जिथे डब्यात शिरते तिथे ती आवळून बसवा, आणि सगळं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या (विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) मागे ठेवा. पाणी सांडणाऱ्या जागेत, लोखंडी पेटीजवळ हे काम चाललंय. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर हे कपाट लावू नये. वायरिंगची सवय नसेल तर इंकबर्ड आयटीसी-३०८ सारखा पिन आणि सॉकेटसह तयार येणारा कंट्रोलर घ्यावा. त्यात फ्रिजची पिन नुसती खोचायची असते.

फ्रिजचं मूळ बटण सगळ्यात गार खुणेवर ठेवावं असं सर्रास सांगतात. मी ते मधोमध ठेवते. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि १० अँपिअरच्या रिलेचे संपर्क अशा धक्क्यांनी कधीतरी चिकटून बसतात. तसं झालं की कंट्रोलर ‘बंद’ दाखवतो आणि फ्रिज चालूच राहतो. मूळ थर्मोस्टॅट मध्यावर असेल तर तो तरी कॉम्प्रेसरची वीज तोडतो आणि भांडं गोठण्यापासून वाचतं. त्यामुळे गारवा फारच सावकाश येत असेल तर बटण थोडं पुढे सरकवा, बस.

कॉम्प्रेसरचा विराम मी ५ मिनिटं ठेवते. एसटीसी-१००० मध्ये तो एफ३ या खुणेखाली १ ते १० मिनिटांपर्यंत लावता येतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांतला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर तो दाबाविरुद्ध फिरू शकत नाही. आधी जड ‘हंऽऽ’ ऐकू येतं, मग काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येऊन सगळं शांत होतं. ती टक् म्हणजे कॉम्प्रेसरवरच्या ओव्हरलोड स्विचने वीज तोडली. एकदोनदा झालं तर काही बिघडत नाही, दिवसभर होत राहिलं तर वाइंडिंग जळतं.

सेन्सर कुठे लावायचा, यावर अर्धं यश अवलंबून आहे. हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडल्याबरोबर हवा बदलते आणि कॉम्प्रेसर उगाच सुरू होतो. शिवाय जोरात आंबत असलेलं भांडं भोवतालच्या हवेपेक्षा ३ ते ५ अंश गरम असू शकतं. हवा १८ दाखवत असते आणि यीस्ट २२ वर उकळत असतं. सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या अंगाला, द्रवाच्या साधारण मध्यावर लावा. आधी ती जागा कोरडी पुसायची, सेन्सरचं टोक भांड्याला पूर्ण टेकवून चिकटपट्टीने धरायचं, त्यावर हाताच्या तळव्याएवढा दोनेक सेंटिमीटर जाड फोमचा तुकडा ठेवायचा आणि वरून पट्टा आवळायचा. फोम नसेल तर सेन्सर अर्धी हवा आणि अर्धं भांडं मोजतो. पट्टा सैल झाला तर त्याला कळतही नाही की भांडं सुटलंय. तो हवाच मोजत बसतो. म्हणून दर वेळी भांडं ठेवल्यावर फोम ओढून बघायचा.

लावण्याआधी सेन्सर पारखून घ्या. पेलाभर बारीक कुटलेला बर्फ घ्या, बर्फ जेमतेम बुडेल एवढंच पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर मधोमध धरून पाच मिनिटं थांबा. आकडा शून्यापासून जेवढा हटलेला असेल तेवढी दुरुस्ती एफ४ मध्ये भरा. पाणी जास्त झालं तर तळाशी ते शून्याच्या वर राहतं आणि सगळी पारख चुकते.

आता फरकाचा आकडा, एफ२. १८ अंश ठरवले आणि फरक ०.५ ठेवला, तर १८.५ ला गारवा सुरू होऊन १८ ला थांबतो, आणि १७.५ ला हीटर सुरू होऊन १८ ला थांबतो. ऐकायला हे छान वाटतं. पण कॉम्प्रेसर थांबल्यावर पत्र्यातला उरलेला गारवा द्रव १७.४ पर्यंत नेतो, हीटर लागतो, तो थांबल्यावर उरलेली ऊब द्रव १८.६ पर्यंत नेते, आणि दोघांची कुस्ती दिवसभर चालते. मीटर फिरतो आणि यीस्टला एक क्षण स्थैर्य मिळत नाही. असं झालं तर फरक १ अंश करा आणि हीटर हलका लावा. २० लिटर पाणी १ अंशाने बदलायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात, म्हणजे ४० वॉटच्या हीटरला निव्वळ हिशेबाने ३५ मिनिटं. एवढ्या संथ वस्तूला दांडगा हीटर लावून फायदा नाही. भांडं ५ लिटरचं असेल तर कुस्ती लवकर जुंपते. तेव्हा शेजारी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून आतलं वजन वाढवायचं.

हीटर म्हणून उघडा बल्ब नको. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या बिअरला उजेडाने दुर्गंधी येते, आणि बल्ब गेला तर कळतही नाही. ४० ते ६० वॉटचा सिरॅमिक हीटर किंवा रोपांखाली घालायची २० वॉटची गरम चटई चांगली. हीटर तळाशी, प्लास्टिकच्या अस्तरापासून किमान १० सेंटिमीटर दूर, धातूच्या स्टँडवर ठेवा. त्याच्या फेजवर एक थर्मल फ्यूज जोडा, साधारण ७२ अंशांचा. रिले चिकटला तर गारव्याच्या बाजूला भांडं जातं, ऊबेच्या बाजूला घर जाऊ शकतं.

पंखा विसरू नये. फ्रीझर वर आणि हीटर खाली असल्याने वरच्या-खालच्या हवेत सहज ४-५ अंशांचा फरक पडतो. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० मिलिमीटर पंखा अखंड चालू ठेवा, पत्र्यावरून खाली हवा ढकलेल असा, पण थेट सेन्सरवर नाही.

खरं आंबवण घालण्याआधी २० लिटर साध्या पाण्यावर ४८ तास चाचणी घ्या आणि जमेल तेव्हा आकडा लिहून ठेवा. कॉम्प्रेसर तासाला दोन-तीन वेळांपेक्षा जास्त सुरू होत असेल तर फरक वाढवा किंवा सेन्सर पुन्हा बांधा. बिअरसाठी उकळलेला धान्याचा गरम रस थेट आत ठेवू नका. ३५ अंशांचे २० लिटर उतरवताना कॉम्प्रेसर तासन् तास न थांबता चालतो, आणि ते काम बर्फाच्या पाण्याची बादली स्वस्तात करते.

वायूचा मुद्दा लहान आहे, पण टाळण्यासारखा नाही. यीस्टने १ किलो साखर संपवली की सुमारे ४९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साधारण २६५ लिटर. एका दाराच्या फ्रिजच्या पोटात मावणार नाही इतका. तो जड असतो आणि दार उघडताच पुढे वाहतो. डोकं आत घालण्याआधी मिनिटभर दार उघडं ठेवा, आणि कपाट खिडकी नसलेल्या कोंदट खोलीत नको. टेम्पे आणि कोजीचं (बुरशी चढवलेल्या तांदळाचं) उलट असतं. त्या बुरशींना हवा लागते, ओलावा लागतो, आणि त्या स्वतः तापतात. तेव्हा दिवसातून दोनदा दार उघडून हवा बदलायची आणि पाण्याची उथळ थाळी आत ठेवायची. बाकी वेळी ओलावा शत्रूच. १२ अंशांवर भिंतींना घाम सुटतो आणि दोन आठवड्यांत रबराच्या घडीत काळी बुरशी धरते. सिलिका जेलची पिशवी आत ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा, आणि प्रत्येक खेपेनंतर रबराच्या घड्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून दार रात्रभर किलकिलं ठेवा.

लॅगर १० अंशांवरून शेवटी १-२ अंशांवर उतरवताना भांड्यातली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. उतरवण्याआधी एअरलॉक काढून त्या जागी कार्बन डायऑक्साइडने भरलेला फुगा लावा, किंवा एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी स्वच्छ व्होडका भरा. फुग्याने हवाही आत जात नाही, म्हणून मी फुगाच लावते.