तीन दिवस, अकरा पोती आणि माझं फसलेलं बक्षीस

मुलांना घेऊन कुठेतरी मदतीचं काम करायला जायचं ठरलं, तेव्हा आम्हाला आधी बालगृहात जायचं होतं. चार दिवस तिथे राहायचं, तिथल्या मुलांशी खेळायचं आणि आपल्या दोन मुलांना दाखवायचं, बघा, तुम्हाला किती मिळालंय. दोन ठिकाणी फोन केले. एकीकडे कसलीही चौकशी न करता ‘या’ म्हणाले. दुसरीकडच्या बाईंनी शांतपणे नकार दिला. दर आठवड्याला नवे पाहुणे येतात, लळा लावतात, निघून जातात. मागे राहिलेल्या मुलांना रडताना आम्ही बघतो, म्हणाल्या. जगभरात अशा संस्थांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळलं. फोन ठेवला आणि लाज वाटली. दुसऱ्याच्या लेकरांना आपल्या लेकरांचा धडा करायला निघालो होतो आम्ही. कुणी काहीही न विचारता ‘या’ म्हणत असेल, तर जाऊ नका.

मग समुद्रकिनारा साफ करायला जायचं ठरलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. किनारा साफ करणारा तिथला गट लहान आहे, एका वेळी वीसच्या वर माणसं त्यांना झेपत नाहीत. शोधताना एक प्रश्न जरूर विचारा: आम्ही नसतो तेव्हा हे काम कोण करतं? इथे वर्षभर, दर रविवारी, गावातलीच माणसं करतात. आम्ही म्हणजे फक्त जादा हात.

लेक अकराची, धाकटा सातचा. पहिल्या दिवशी ओहोटीला सुरुवात झाल्यावर सकाळी सहाला किनाऱ्यावर. (भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच खोली घ्या. आम्ही उलटं केलं, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी आणखी उशिरा सुरू झाल्याने काम उन्हात गेलं.) अर्ध्या तासात धाकट्याने बसकण मारली. मी त्याला म्हटलं, एक पोतं भरलंस तर खेळणं घेऊ. त्याने ते भराभर भरलं. त्यात निम्मी वाळू होती! वर विचारलं, ‘दुसरं भरलं तर दोन मिळतील?’

नंतर वाचलं, २००८ साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी वीस महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. मदत केल्यावर वस्तू मिळालेली बाळं पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करत राहिली. मला हे निघण्याआधी वाचायला हवं होतं.

सावरलं ते गटातल्या ताईंनी. त्यांनी धाकट्याच्या हातात तक्ता आणि पेन्सिल दिली: बाटलीची झाकणं, दोर, सिगारेटची थोटकं, पिशव्या, एकेका रकान्यात रेघा मारायच्या. नुसता कचरा उचलला तर पुढच्या भरतीला नवा येतो; मोजला तर तो कुठल्या मालाचा आणि कुठून येतो ते कळतं, आणि मग भांडायला काहीतरी हातात असतं. दर सप्टेंबरमधल्या तिसऱ्या शनिवारी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहिमेत १९८६ पासून असंच मोजतात. थोटकातला फिल्टर कापसाचा नसून एका प्रकारच्या प्लास्टिकचा असतो, हे ऐकल्यापासून धाकटा ‘प्लास्टिक!’ असं ओरडत फिरत होता. एका बाजूला मी आणि नवरा वाकून वाकून कंबर मोडत होतो, दुसऱ्या बाजूला तो आमच्यावर देखरेख करत होता. त्याला खेळण्याची आठवण राहिली नाही. मीही काढली नाही.

लेकीचं वेगळं झालं. तिला दुसऱ्या दिवशी वाळूत अर्धं गाडलेलं मासेमारीचं जाळं सापडलं. ती ओढायला लागली, आणि ताईंनी जोरात थांबवलं. जाळं एकट्याने ओढायचं नाही; बोटं कापतात, कधी आत जिवंत खेकडा अडकलेला असतो. चौघांनी मिळून वाळू उकरत ते काढायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तिने तीनदा ‘सोडून देऊया’ म्हटलं आणि सोडलं नाही. मी फोटो काढायला मोबाइल काढला, तर ‘आई, आधी धर ना’ असं ऐकावं लागलं.

तयारीचं सांगायचं तर मुलांच्या मापाचे जाड हातमोजे घरूनच न्या. तिथे फक्त मोठ्यांचे असतात आणि त्यात सात वर्षांच्या मुलाची बोटं हरवतात. बूट बंद हवेत. सुई, सिरिंज, फुटकी काच दिसली तर मुलांनी हात न लावता हाक मारायची, हे निघण्याआधीच दोनदा वदवून घ्या. सात वर्षांच्या मुलाचा दम फार तर एक तास टिकतो, त्यापुढे वाळूत किल्ला करू द्यावा. आणि भाषणं नकोत. गाडीत मी ‘आपण किती नशीबवान’ वगैरे सुरू केलं, तेव्हा दोघेही झोपल्याचं सोंग करत होते.

तिसऱ्या दिवशी हिशोब झाला: अकरा पोती. झाकणं दोनशे बारा. ताई सोयीसाठी ‘दोनशे’ लिहायला निघाल्या, तर धाकट्याने पेन्सिल मागून घेतली आणि बारा स्वतःच्या हाताने जोडले.

पुढच्या वेळी जायचं तर थंडीत जाऊ. नवरा म्हणतो ओहोटीची वेळ आधी बघ. बघितली आहे.