गिअरबॉक्समधून सोलकढी निघाली: घरच्या अंगणात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलल्याचा माझा अनुभव

आमची डबल कॅब पिकअप आहे, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची ऑटोमॅटिक, सेकंड हँड घेतलेली. माझा पंप बसवायचा आणि दुरुस्तीचा धंदा, त्यामुळे मागे कायम मोटारी, पाईप, चेनपुली असलं सामान. मार्चमध्ये तळेगावला एक मोठी मोटार घेऊन चाललो होतो आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी अचानक मोकळी झाल्यासारखी वाटली, म्हणजे आरपीएमचा काटा साडेतीन हजारावर आणि गाडी मात्र तिथल्या तिथेच रेंगाळतेय. कसंबसं काम उरकून नवी मुंबईत घणसोलीला परत आलो. पुढच्या आठवड्यात डी ला टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन झटका, रिव्हर्स तर निम्म्या वेळा लागायचाच नाही.

वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, गिअर स्लिप होतोय एवढं सांगितलं आणि नवीन गिअरबॉक्सचा पावणेतीन लाखांचा अंदाज हातात दिला. का गेला हे विचारलं तर म्हणे होतं असं, जुनी गाडी आहे. हे उत्तर मला पटलंच नाही. रोज पंप उघडतो मी, बेअरिंग गेलं तर ते का गेलं हे बघितल्याशिवाय नवीन टाकत नाही, नाहीतर महिन्याभरात गिऱ्हाईक परत दारात येतं.

म्हणून घरी आल्यावर गाडी थंड होऊ दिली, ड्रेन बोल्ट सैल केला आणि काचेच्या ग्लासात थोडं तेल घेतलं. ऑटोमॅटिकचं तेल असं लाल पारदर्शक असायला हवं, सरबतासारखं. ग्लासात काय आलं तर सोलकढी! तोच फिकट गुलाबी रंग, तसंच गढूळ. रेडिएटरचं झाकण उघडलं तर तिथे पाण्यावर लालसर तवंग. मग सगळं लक्षात आलं. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करायला रेडिएटरच्या खालच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवलेला असतो, तेलाच्या नळ्या तिथून फिरून परत येतात. तो कूलर आतून फुटला की तेल पाण्यात आणि पाणी तेलात. गाडी बंद केली तरी गरम रेडिएटरमध्ये प्रेशर राहतं, ते कूलंटला, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याला, तेलाच्या बाजूला ढकलतं. आणि कूलंट आत गेलं की गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो सुटायला लागतो. म्हणजे आजारी होता रेडिएटर आणि जीव गेला गिअरबॉक्सचा. मी वर्कशॉपचं ऐकून नुसता नवीन बॉक्स बसवला असता आणि रेडिएटर तोच ठेवला असता तर तोही गेला असता, यात मला काडीचीही शंका नाही.

मग ठरवलं घरीच करायचं. आमचं गावठाणातलं घर, पुढे सिमेंटचं अंगण आहे, पण वर शेड नाही म्हणून पाऊस यायच्या आत उरकायला हवं होतं. काका आमचे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेत, ते म्हणाले, "कर तू, मी बसतो शेजारी, पण घाई केलीस तर मी उठून जाईन."

गिअरबॉक्स कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला. तिथे जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, जुन्या बॉक्सवरच्या पट्टीचा नंबर फोटो काढून न्या आणि तोच नंबर जुळवा, बाहेरून सारखे दिसणारे बॉक्स आतून वेगळे असतात. आणि खालचा पॅन उघडून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. आतल्या लोहचुंबकावर करडी बारीक पेस्ट असेल तर ते नेहमीचं झिजणं आहे, पण चमचमणारे कीस किंवा काळे तुकडे दिसले, तेलाला जळका वास आला की सरळ पुढच्या दुकानात. मला तिसऱ्या दुकानात बरा मिळाला, टॉर्क कन्व्हर्टरसकट, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा, 58,000 रुपयांना. कन्व्हर्टर सोबतचाच घ्या, जुन्यात तीच सोलकढी भरलेली असते आणि ती घरी धुऊन पूर्ण निघत नाही.

उतरवायला दोन दिवस गेले. बॅटरीची निगेटिव्ह काढली, गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली, चाकांना लाकडी ओंडके, आणि वर चढवल्यावर बॉडीला धरून जोरात हलवून बघितलं. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जाऊ नका, कन्व्हर्टर धरून 90 किलोच्या आसपासचा ऐवज छातीवर असतो तुमच्या. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट काढायच्या आधी त्याच्या जोडाच्या दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसतो आणि गाडी थरथरत नाही. मग सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटार, काढला, त्याच्या भोकातून कन्व्हर्टरचे सहा बोल्ट, एकेक बोल्ट समोर आणायला पुढून क्रँक पुलीला गोटी पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, हे काम चुलतभावाने केलं, आणि मी खालून ओरडायचो थांब, थोडं मागे, बस. बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्सचं इंजिनला जोडणारं पुढचं घंटेसारखं तोंड, त्याचे वरचे दोन बोल्ट मात्र भयंकर, हातही जात नाही, शेवटी तीन एक्स्टेंशन जोडून मागच्या बाजूने पाना पोचवला. जॅकवर प्लायवूडची खाच केलेली फळी आणि त्यावर पट्ट्याने बांधलेला बॉक्स, असा हळूहळू खाली आणला.

मधल्या काळात नवीन रेडिएटर बसवला. तेलाच्या नळ्या आधी सॉल्व्हंटने आणि मग हवेने, टोकाला पांढरं फडकं डाग न पडता राहीपर्यंत साफ केल्या. इंजिनच्या मागचं ऑइल सील आणि गिअरचं फाउंडेशनही, म्हणजे बॉक्स ज्यावर टेकतो ते रबर, बदललं, परत कोण एवढं उतरवणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवताना तो तीन ठिकाणी अडकतो, दोन ठिकाणी आतल्या दात्यांवर आणि शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचेत. हाताने गोल फिरवत आत ढकलत राहायचं, प्रत्येक वेळी टक् होऊन थोडा आत सरकतो. मी फिरवला, टक्, परत फिरवला, टक्, आणि मला वाटलं बसला. काका खुर्चीवरून म्हणाले, "दोन ऐकले मी. तिसरा कुठाय?" बेल हाउसिंगवर आडवी स्टीलची पट्टी ठेवून खोली मोजली तर मॅन्युअलमधल्या मापापेक्षा 9 मिमी कमी. परत वीस मिनिटं फिरवलं, घामाने हात सटकत होते, आणि मग एकदम जड असा टक् आला, कन्व्हर्टर आत गेला आणि माप जुळलं. हे न करता बोल्ट आवळून बॉक्स इंजिनला ओढून घेतला असता तर पंप तिथेच फुटला असता. बॉक्स लावताना हाउसिंग नुसत्या हाताच्या जोराने इंजिनला टेकलं पाहिजे आणि टेकल्यावरही कन्व्हर्टर बोटाने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर थांबा, बाहेर काढा.

तेल कंपनीने सांगितलेलंच घातलं, स्वस्तातलं चालतं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. आधी काठोकाठ भरलं, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून पी पासून डी पर्यंत प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत लिव्हर फिरवला, कन्व्हर्टर तेल पितो त्यामुळे परत टॉपअप. पातळी शेवटी इंजिन चालू ठेवून, तेल सांगितलेल्या तापमानाला आल्यावर लेव्हल बोल्टमधूनच बघायची. वाशीहून एक स्कॅनरवाला आला, त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले जुने आकडे पुसून गिअर परत शिकवले, त्याचे 1,500. रेडिएटर, तेल, सील, टेम्पो सगळं धरून 80 हजारांच्या आत बसलं. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल नेणाऱ्या परवानाधारकाला दिलं, गटारात ओतलं की ते आपल्याच खाडीत जातं.

पहिल्यांदा रिव्हर्स टाकला आणि गाडी अंगणातून अलगद मागे सरकली तेव्हा आई ओट्यावरून बघत होती, तिने हात जोडले. पामबीच रोडला एक फेरी मारली, एका नळीच्या जोडाला थोडं पाझरत होतं ते आवळलं. मागच्या आठवड्यात त्याच घाटातून तळेगावला जाऊन आलो, भरल्या गाडीने, आणि परत येऊन ग्लासात तेल काढून बघितलं. लाल, स्वच्छ.

काल रविवारी काकांसोबत जुना बॉक्स उघडला. क्लचच्या प्लेटा बाहेर काढल्या आणि काकांनी अस्तरावर नख लावलं तर ते उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सोलून हातात आलं. त्या प्लेटा मी ठेवून दिल्यात, घणसोलीत कोणाला बघायच्या असतील तर या.