पानावरची हिरवी चमचमती माशी ओळखताना

पानावर हिरव्या धातूचा कण पडल्यासारखी चमकणारी, जेमतेम ५-६ मिलिमीटरची माशी दिसली, तर आधी पाय बघा. शरीराच्या मानाने ते लांब, काटकुळे असतात आणि माशी त्यांवर उंच उभी राहते. हे डोलिकोपोडिडी कुळ. त्यात ७००० हून अधिक जाती आहेत. बागेत हमखास दिसणाऱ्या कॉन्डिलोस्टायलस प्रजातीतल्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) बऱ्याच माश्यांच्या पंखांवर काळपट पट्टे असतात.

गफलत होते ती केवळ रंगावर विसंबल्याने. उकिरड्यावरची हिरवी माशी जाडजूड, राठ केसांची, आखूड पायांची. हिरव्या चमकदार गांधीलमाश्यांना पंखांच्या दोन जोड्या आणि लांब मिशा असतात. हिला एकच जोडी, मिशा आखूड.

फोटो वरून आणि बाजूने, दोन्हीकडून घ्या. पंखाच्या टोकाकडची दुभंगलेली शीर स्पष्ट यायला हवी. फ्लॅश टाळा, प्रकाश पडताच ती उडते. नेमकी जात मात्र बहुधा नराच्या जननांगांवरूनच ठरते, म्हणून फोटोवरून प्रजातीपर्यंत थांबणंच प्रामाणिक.

आणि कृपा करून फवारणी नको! ती मावा, फुलकिडे असे मऊ किडे खाते.